बल्लारशाला आलेलं जेवण

नागपूर सोडलं त्या सकाळी बाबा गाडी सुटेपर्यंत खिडकीचे गज धरून उभे होते. मी एम.एस्सी.साठी हैदराबादला निघाले होते, पण त्यांच्या डोळ्यांपुढे माझं शिक्षण नव्हतं, डब्यातले चोर होते. "कोणी काही देलं तं खाजो नको. बिस्किटात गुंगीचं औषध टाकतात. भूक लागली तं पॅन्ट्रीवाल्याचंच घेजो." हे चारदा सांगून झालं. गाडी हलल्यावरही ते "पॅन्ट्रीवाल्याचंच!" असं ओरडले आणि अख्खा डबा माझ्याकडे वळून बघू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या पॅन्ट्रीच्या जेवणात खास काही नव्हतं. पातळ वरण, जाड भात, आंबट दही. पण बनवणारा गाडीतलाच, छातीवर बिल्ला लावलेला, म्हणून बाबांचा त्याच्यावर देवासारखा भरवसा. शिकून मी हैदराबादलाच नोकरीला लागले, आणि आई गेल्यावर ते वर्षातून दोनदा एकटेच माझ्याकडे, तिथल्या तारनाक्याला यायचे. सिकंदराबादला उतरले की माझी खुशाली नंतर, आधी आजचं कटलेट गरम होतं की गार, याचा अहवाल. मी हसायचे. इतकी वर्षं इथे राहून माझ्या बोलण्यात इथल्या हिंदीतलं 'नक्को' शिरलं होतं, नागपूरला जायला रजा मिळत नव्हती. माझं माहेर वर्षातून दोनदा असं गाडीतून माझ्याकडे यायचं. तेवढंच उरलं होतं.

गेल्या वर्षी त्या गाडीचा पॅन्ट्रीचा डबा काढला. आता मोबाईलवर मागवायचं आणि पुढच्या स्टेशनावर हॉटेलचा माणूस सीटवर पार्सल आणून देतो. मला ते बरंच वाटलं. ऑफिसात, घरात मी सगळं तसंच मागवते. बाबा पुढच्या खेपेला निघाले तेव्हा त्यांच्यासाठी बल्लारशाला पोळी-भाजी आणि वरण मागवलं, तिखट कमी, आणि माणसाला फोन करता यावा म्हणून नंबर आधी त्यांचा दिला, दुसरा माझा. सकाळी मी त्यांना फोनवर म्हणाले, "जेवण सीटवर येईल." त्यांनी ते पॅन्ट्रीचं समजलं. मी समजावत बसले नाही. मीटिंग होती.

त्याच्या महिनाभर आधी त्यांच्या एका मित्राला फोनवरून कुणीतरी फसवलं होतं. तेव्हा मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं: फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मी मागितला तरी नाही.

बल्लारशाला साध्या कपड्यातला एक अनोळखी माणूस डब्यात चढला. हातात पार्सल. "काका, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा." बाबांनी त्याला पोलिसात द्यायची धमकी दिली. त्या बिचाऱ्याने मला तीनदा फोन केला. माझा फोन टेबलावर पालथा पडला होता. गाडी सुटली, जेवण खाली राहिलं. बाबांनी मधुमेहाची गोळी मात्र वेळेवर, जेवणाआधी अर्धा तास, घेतलेली होती.

मग ते पॅन्ट्री शोधायला निघाले. डबा काढला आहे हे समोरच्या बाईने सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. बाईने पुढे केलेलं केळंही घेतलं नाही. एकेक डबा ओलांडत गेले आणि रामगुंडमच्या आसपास दोन डब्यांच्या जोडावर घेरी येऊन कोसळले. त्यांच्याच फोनवरून एका प्रवाशाचा फोन आला, "मॅडम, अब्बा गिर गये. काजीपेट में उतार रहे हैं. आप आओ, परेशान नक्को हो." त्या माणसाने त्यांच्या तोंडात साखर घातली होती. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

मी काजीपेटच्या दवाखान्यात पोचले. खुब्याचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर आल्यावर माझ्याकडे बघून, अगदी शाबासकी मागितल्यासारखं म्हणाले, "मी काही नंबर नाही सांगतला. तूच म्हणली होती नं." मी "बरं केलंत" म्हणाले. ते जेवण मी पाठवलं होतं, हे आजपर्यंत त्यांना सांगितलेलं नाही. माझ्यात ती हिंमत नाही, आणि येईल असं वाटत नाही.

ते आता माझ्याकडेच असतात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. चालता येत नाही. गॅलरीतून खालचं तेलुगू ऐकत बसतात, कुणाशी बोलणार? तुमच्यापैकी जे माझ्यासारखे घर सोडून आले, त्यांना हे कळेल: आपण हौसेने निघालो होतो, आपल्याला परत जायची गाडी होती. मी त्यांना उचलून आणलं, आणि परतीचा रस्ता माझ्याच निष्काळजीपणाने बंद केला. मागे ते होते म्हणून नागपूरला माझं घर होतं. आता ते इथे आहेत, आणि घर आमच्या दोघांचंही कुठे नाही.

मागच्या महिन्यात मी एकटीच नागपूरला जाऊन आले. त्यांना सांगितलं, झाडून-पुसून येते. खरं तर घर भाड्याने दिलं. परतले तेव्हा बाबा पलंगावर उशीला टेकून जागेच होते.

"दार नीट लावलं नं?"

मी निघाले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि दुसऱ्या कुणाचं तरी सामान आत चढत होतं.

"हो बाबा," मी म्हणाले, "दोनदा ओढून पाहिलं."