जांभळाचं एक खोड

लग्न होऊन मी मालवणच्या किनाऱ्याकडच्या त्या गावी आले तेव्हा घरात सासरे एकटेच होते. सासूबाई वर्षापूर्वी वारल्या होत्या. माझे यजमान मुंबईला नोकरीला होते, पण तिथे जागा मिळेपर्यंत मला सासरीच राहायचं होतं. शेजारच्या घरात सासऱ्यांच्या मयत धाकट्या भावाची बायको राहायची. यजमान तिला काकी म्हणत, म्हणून मीही काकीच म्हणू लागले.

अंगण दोघांचं एकच होतं. पण भावजयीनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, अशी रीत होती. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जात. त्या गेल्यावर वर्षभर सासरे गोठ्यातल्या गाईला उद्देशून बोलत आणि काकी ते ऐकून घेई. मी आल्यावर गाईचं काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे धड विहीर नव्हती. होती ती वाळूत खणलेली, दर पावसाळ्यात ढासळणारी. प्यायचं पाणी मी डोंगराच्या पायथ्याहून आणत असे, दिवसाला सहा खेपा. माझं माहेर फोंडाघाटाकडचं. तिथे परसातून पाण्याचा वहाळ जायचा. डोक्यावर दोन कळशा घेऊन वाळूत चालायला मला इथेच शिकावं लागलं.

त्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी नवी विहीर काढायला घेतली. विहिरी खणणारा म्हातारा आला, वाळू हातात चोळून पाहिली आणि म्हणाला, तळाला जांभळाच्या लाकडाचं जाड कडं बसवावं लागेल. त्या कड्यावर चिरे रचायचे, आतून वाळू उपसत जायचं आणि सगळं बांधकाम आपल्या भारानं खाली उतरवायचं. दुसरं लाकूड पाण्यात कुजतं. जांभूळ कुजत नाही, शिवाय पाणी गोड राहतं.

जवळपास जांभूळ एकच होतं, काकीच्या दारातलं. जमिनीपासूनच त्याची दोन खोडं झाली होती, दोन्ही माझ्या कवेत न मावणारी. मे महिन्यात काकी त्याची जांभळं पाटीत भरून कट्टा गावच्या बाजारात न्यायची. तिची स्वतःची म्हणावी अशी मिळकत तेवढीच.

"तिका इचार, झाड देतली काय," सासरे म्हणाले.

मी गेले. काकी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"माझ्या घोवान लावलेला झाड ता," ती म्हणाली. "अख्खा मिळाचा नाय. दोनातला एक खोड घेवंदेत. पण तेंका सांग, बावीर माका पाणी भरूक गावाक व्हया. कोणाक इचारल्याशिवाय."

मी परत येऊन सांगितलं: खोड एकच, आणि विहिरीवर न विचारता पाणी भरायची मुभा. सासऱ्यांनी हातातली सुपारी तशीच धरली.

"बाव माझी. तिका पाणी व्हया तर मागान न्हेवंदे."

मी अंगण ओलांडून काकीकडे गेले आणि म्हटलं, "बरा म्हणतत."

हे मी दयेपोटी केलं असं म्हणता येणार नाही. मला विहीर हवी होती. सहा खेपांनी माझी मान अवघडून जायची आणि एका शब्दानं विहीर अडून बसली होती. तो शब्द मी बदलला. पुढचं पुढे बघू, असं वाटलं असावं.

खोड तोडलं तेव्हा झाड फुलावर होतं. बारीक पांढरी फुलं, आणि त्यांच्यावर मधमाश्या. लाकूड इतकं चिवट की दोन माणसांच्या कुऱ्हाडींना दिवसातून तीनदा धार लावावी लागली. खोड पडलं तेव्हा काकी घरातून बाहेर आली नाही. संध्याकाळी तिनं अंगणात पसरलेली फुलं झाडून काढली आणि उरलेल्या खोडाच्या बुडाशी नेऊन टाकली.

कडं बसलं, चिरे चढले, विहीर हळूहळू खाली उतरली. तीन पुरुष उंचीइतक्या खोलीवर पाणी लागलं. गोडं होतं. सासऱ्यांनी नारळ फोडला, पहिली घागर ओढली आणि सगळ्यांना ओंजळीनं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आपली घागर आणि दोर घेऊन विहिरीवर आली. सासरे तिथेच दात घासत उभे होते. मी भांडी घासत होते.

"ही कोणाक इचारून इली?" त्यांनी मला विचारलं.

मी खाली मान घालून भांडं अधिकच जोरात घासू लागले.

काकीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग माझ्याकडे नव्हे, सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "तुमीच म्हटलात ना, बरा म्हणान?"

त्या घरात आल्यापासून मी तिला त्यांच्याशी बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग चूळ भरली.

"म्हटलंय आसतलंय," ते म्हणाले आणि घरात गेले.

मला त्यांनी त्याबद्दल कधीही विचारलं नाही. दोघं मात्र त्या दिवसापासून एकमेकांशी बोलू लागली. बहुतेक वेळा भांडतच. पहिले काही महिने पाण्याला तुरट चव आणि तांबूस रंग येई. सासरे म्हणत, तुझ्या झाडाचा दोष. काकी म्हणे, मग पिवा नको.

पुढच्या वर्षी यजमानांना मुंबईत खोली मिळाली. निघायच्या आधी मी काकीला खरं काय ते सांगून टाकलं. ती अंगणात बांगडे साफ करत बसली होती.

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "तेंचो आवाज केदो मोठो! थंय बसान मी सगळा आयकलंय."

"मग खोड कित्याक दिलास?"

तिनं बांगड्याचं पोट चिरलं, आतलं काढून मांजराकडे फेकलं.

"तू येवन काय सांगतंस, ता बघीत होतंय," ती म्हणाली, आणि मला कोळंब्यांची सालं काढायला बसवलं.