दिवा कोणी लावला

माझी ताई नवऱ्यावर ओरडत नाही. ती फक्त विचारते, "काय दिवे लावलेत आज?" दूध उतू गेलं, चावी हरवली, शर्टाचं बटण तुटलं, प्रश्न एकच. भावजी बावीस वर्षं त्यावर नुसते हसत आलेत. पण त्यांच्या ट्रकच्या डॅशबोर्डवर खरोखरचा दिवा लागला, ऑइलचा, लालभडक, तेव्हा ते हसले नाहीत.

ट्रक जुना. लोकांचं घरसामान इकडून तिकडे पोचवायचं हा त्यांचा धंदा. भावजी चालवतात, ताई दुरुस्त करते. आमच्या वडिलांच्या गॅरेजात ती पाने ओळखायला शिकली आणि मी पळ काढायला. म्हणून मी आज ऑफिसात शिक्के मारतो आणि घरचा नळ गळला तरी तिलाच बोलावतो.

हा लाल दिवा चावी फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. विझला म्हणजे तेल दाबाने सगळीकडे पोचतंय. आता तो भर रस्त्यात लागायला लागला. लागला की भावजी तिथेच गाडी कडेला घेत, इंजिन बंद करत आणि अर्धा तास थांबत. लोकांची कपाटं, पलंग उशिरा पोचू लागले, फोन ताईला येऊ लागले. ती भेटेल त्याला सांगत सुटली, "ह्यांनी गाडीची पार वाट लावली." तिने तो दिवा पेटवणारा स्विच बदलून पाहिला, फरक शून्य. शेवटी नाक्यावरच्या मेस्त्रीला दाखवलं. त्याने कान लावला, मान हलवली आणि निकाल दिला, "बेअरिंग गेली. आता ह्यात जीव नाही, काढून टाका."

शनिवारी भंगारवाला येणार असं ठरलं. भावजींसाठी एका गोदामाच्या फाटकावर राखणदाराची खुर्चीही मिळाली. गुरुवारी दुपारी ते ड्रायव्हरच्या सीटवरची आपली चपटी उशी तेवढी घरी घेऊन आले आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवली. ताई त्या उशीकडे बघत बसली. मग मला फोन केला, "उद्या रजा टाक."

"अगं, मेस्त्रीने सांगितलंय ना?"

"त्याने कानाने सांगितलं. मला काट्याने बघायचंय."

शुक्रवारी सकाळी आठला मी हजर. ताईने तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तेल खुणेपर्यंत होतं. मग स्विचच्या जागी दाब दाखवणारं मीटर बसवलं आणि मला सीटवर चढवलं. इंजिन सुरू झालं, काटा झकास वर गेला. वीस मिनिटं तसंच चालू ठेवलं.

"आता रेस दे."

मी पाय दाबला. काटा घसरत घसरत तळाला आला.

"बंद कर!" ती इतक्या जोरात ओरडली की चावीऐवजी मी आधी वायपर सुरू केला.

दारात उभे असलेले भावजी हळूच म्हणाले, "चढावरच लागतो तो. उतारावर विझतो. आणि थोडं थांबलं की पुन्हा ठीक."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तीनदा सांगितलं."

ताईने पुन्हा काट्याकडे पाहिलं. मग ती जणू स्वतःशीच म्हणाली, "बेअरिंग झिजली असती तर रेस दिल्यावर काटा चढला असता. इथे उलटंच आहे. तेल आहे, पण वर ओढलं जात नाहीये. काहीतरी अडकलंय."

तिने तेल काढलं आणि गाडीखाली आडवी झाली. तेल साठतं ते खालचं चेंबर उतरवायचं म्हणजे पंचवीसेक बोल्ट. तीन बोल्ट हटूनच बसले. ती नातेवाइकांशी बोलते तशीच बोल्टशी बोलते, "येत नाहीस? बघतेच कसा येत नाहीस." मनगट सोलवटलं, फडकं गुंडाळलं, पुन्हा पाना लावला. दुपारी दीडला चेंबर खाली आलं. मी उजेडाला बॅटरी धरली होती.

वर तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते. ती लाल तुकड्यांनी गच्च भरली होती, टोमॅटोच्या साली चिकटाव्यात तशी. ती गळती थांबवायला सांध्यात लावतात ती पेस्ट, वाळलेली; मी ओळखली. मागच्या वर्षी चेंबर गळत होतं, तेव्हा ताईने स्वतः ते उतरवून पुन्हा बसवलं होतं. जिथे पेस्टची बारीक रेघ पुरली असती तिथे तिने दोन ट्यूब रिकाम्या केल्या आणि वर म्हणाली, "आता थेंब गळला तर नाव बदलेन!" थेंब गळला नाही हे खरं. जास्तीची पेस्ट आत दबली, तुटून तेलात पडली आणि इंजिन जोर लावेल तशी जाळीवर जाऊन बसू लागली.

गाडीखाली आम्ही दोघंच होतो. जाळी रॉकेलच्या डब्यात बुडवली असती तर पाच मिनिटांत प्रकरण मिटलं असतं. मी तसं सुचवलंसुद्धा. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मला वडील आठवले.

"अहो, जरा खाली या."

भावजी दुखऱ्या गुडघ्यांनिशी सरपटत आत आले. तिने तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले.

"ही माझी पेस्ट. दिवा मी लावला. तुम्ही दरवेळी थांबलात म्हणून इंजिन वाचलं, आणि मी जगभर उलटं सांगत सुटले." मला वाटलं रडेल, पण रडायला तिला वेळ नव्हता.

भावजींनी तुकडे बोटाने उलटसुलट केले. "मग विझव की आता," ते म्हणाले.

तिने एक बेअरिंग उघडून नख फिरवून पाहिलं. गुळगुळीत. जाळी धुतली, चेंबर बसवलं, या वेळी पेस्ट दोऱ्याएवढी. मग नवं तेल भरलं आणि मीटर काढून स्विच परत बसवला. शनिवारी सकाळी तिने उशी झटकून सीटवर ठेवली, मागे वजन म्हणून दोन लोखंडी कपाटं चढवली आणि आम्ही तिघं पाण्याच्या टाकीच्या चढाला लागलो. जिथे दरवेळी थांबावं लागे त्या वळणावर भावजींचा पाय आपोआप सैल पडला.

"दाबा," ताई म्हणाली. "दिव्याकडे मी बघते."

त्यांनी दाबला. इंजिन घुमलं, गाडी चढली, दिवा काळाच राहिला. भावजी मोठ्याने हसले.

ताईने फोन काढला. आधी भंगारवाल्याला, येऊ नका. मग मेस्त्रीला. मग आमच्या आईला, "आई, गाडीची वाट ह्यांनी नाही, मी लावली होती." आई म्हणाली, "मला वाटलंच होतं." मग शेजारणीला.

भावजी लाजून लाल झाले. "अगं, पुरे! आता सगळ्या जगाला सांगणार का?"

"जगाला कशाला? ज्यांना ज्यांना उलटं सांगितलं, तेवढ्यांनाच," ताई म्हणाली आणि पुढचा नंबर लावला. "तुम्ही गाडी चालवा."