दिवाणजींनी लावलेला भाव

१२ जानेवारी १९८४. संक्रांतीच्या लाडवांसाठी विळीवर गूळ चिरत होते. निम्मा झाला, हात भरून आला, म्हणून हात धुऊन हे लिहायला बसले. भाचीचा गावाकडून निरोप आलाय: इचलकरंजीत एका गिरणीच्या ऑफिसात नोकरी मिळतेय, आत्या, जाऊ का? जा. पण आधी हे वाच. तुझ्याआधी गाव सोडलेल्या आणि तुझ्यानंतर सोडणाऱ्या मुलींनीही वाचलं तर बरं.

मी निघाले तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. साल पासष्ट. जयसिंगपूरच्या स्टँडवर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी ट्रंक एस्टीच्या टपावर चढवली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "वरीसभर बघू. कानावर कायबी आलं, तर त्याच दिवशी माघारी." अव्वा, माझी आई, स्टँडवर आली नव्हती. माझं लग्न दोनदा ठरत आलं आणि मोडलं होतं. मॅट्रिक झालेली मुलगी घरात बसवून करायचं काय, हा प्रश्न होता, म्हणून मला सोडलं. नाहीतर आमच्या घरातून कोण सोडतंय?

कोल्हापुरात शिवाजी पेठेत मावशीकडं राहिले. गल्लीत पोरांच्या फुटबॉलच्या भांडणांचा कालवा असायचा, शेजारीण भाजीचा भावसुद्धा गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा सांगायची. मला ते आवडलं. पहिल्या पगारातून चपला घेतल्या. संध्याकाळी एकटी चालत घरी यायची, वाटेत कुणी "कुणाची गं तू?" विचारत नव्हतं. एवढ्यासाठीसुद्धा मला तिथं राहायचं होतं.

नोकरी गुळाच्या अडतीत. शेतकरी गूळ आणतो, अडत्या तो व्यापाऱ्यांना विकून देतो, आणि शेतकऱ्याला हिशेबाची चिठ्ठी मिळते. तिला पट्टी म्हणतात. पट्ट्या मी लिहीत असे. सौदा सगळा नजरेवर. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, रांगेत मांडतात, व्यापारी रंग बघत फिरतात, एखाद्या रव्याचा टवका काढून दोन बोटांत चुरडतात. त्यावरून कणी, म्हणजे गुळाचा दाणा, कळते. मग भाव.

अडतीचे मालक शेठजी, त्यांच्या खालोखाल दिवाणजी होते. पन्नाशीचे, कपाळाला गंध, बोलणं गोड. त्यांनी हीच भाषा माझ्यावर चालवायला सुरुवात केली. पिवळं लुगडं नेसून गेले तर, "आज एक नंबर माल आलाय." केसांत फूल दिसलं तर, "गुजरातला धाडाय हरकत न्हाई." निवडक गूळ तिकडं जायचा. व्यापारी हसायचे. मी फूल सोडलं, करडी, तपकिरी लुगडी नेसायला लागले. तेव्हा म्हणाले, "औंदा माल काळा पडला की." त्यावरून मला कळलं की माझ्या कपड्यांचा याच्याशी काही संबंध नाही. भाचीबाई, हे तू आधीच समजून घे. लुगडी बदलण्यात माझा अख्खा महिना गेला.

शेठजींना सांगितलं. ते म्हणाले, "अगं पोरी, चेष्टा करतोय त्यो. आपली माणसं तोंडानं फाटकी, मनात काय नसतंय." मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "पदर नीट घे आणि गप ऱ्हा. आप्पांच्या कानावर गेलं तर मला बोल लागंल."

आणि कानावर जायची वेळ आलीच. आमच्या गावचे भूपालतात्या, आमच्या मळ्याला लागून त्यांचा मळा, गूळ घेऊन आले. माझ्या टेबलाशी उभे राहून घरची खबर सांगत होते. तेवढ्यात दिवाणजी दोन व्यापाऱ्यांना घेऊन आत आले आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "रंग बरा हाय. कणी कशी हाय, बघाय पायजे." आणि दोन बोटं चुरडून दाखवली.

तात्यांचं तोंड उतरलं. मला बाहेर बोलावून म्हणाले, "पद्मा, कापडं बांध. उद्या सौदा झाला की माझ्यासंगं एस्टीत बस."

"मी काय केलंय, तात्या?"

"तू काय केलं न्हाईस गं. पर आप्पाला मी काय सांगू? डोळ्यानं बघून गप बसलो म्हणू?"

"त्याला बोला की मग."

"त्येच्याकडं माझा माल पडलाय," ते म्हणाले. "आणि परक्या गावात तुझं नाव घिऊन भांडू व्हय? त्यात तुझीच शोभा."

त्यांचंही खोटं नव्हतं. दिवाणजी घाबरले असते तर शेतकऱ्यांनाच. शेतकरी तुटला की अडत बसली. पण त्याच माणसांच्या तोंडून गोष्ट गावाला जाणार, आणि मी माघारी जाणार. गप्प राहिले असते तरी तात्या सांगणारच होते. मग मी म्हणाले, "आप्पांना सांगा. पर उद्या सौद्याला थांबा. समदं बघा आणि मग समदं सांगा."

पुढचं काय झालं ते आधी सांगते. दिवाणजी गप्प झाले, सुधारले नाहीत. कामाचे कागद माझ्यापुढं टाकायचे, तोंडानं बोलायचे नाहीत. गुळाच्या मार्केट यार्डात मला भांडखोर नाव पडलं. पुढं आणखी एक मुलगी कामाला यायची होती, ती माझ्याबद्दल ऐकून आली नाही, असं शेठजींनी मला सुनावलं. तात्यांनी आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा न्यायला आले नाहीत, पण दोन दिवाळ्या माझ्याशी बोलले नाहीत. चूक कुणाची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. अव्वा गेली, घर भावाचं झालं. जाते, दोन दिवस राहते, परत येते. आता घर म्हणजे मला ही कोल्हापुरातली खोली, जिथून "माघारी चल" असं मला कुणी म्हणू शकत नाही. ती मिळवताना मागचं घर निम्मं गेलं. ते गेल्याचं मला अजून वाईट वाटतं, पण तरीही तुला जा म्हणते.

आता ती सकाळ. मी पिवळं लुगडं नेसले. रवे मांडून झाले होते, आमच्या बाजूची पाच-सहा माणसं आपापल्या मालाशी उकिडवी बसली होती. दिवाणजी व्यापाऱ्यांना घेऊन तात्यांच्या रांगेशी आले, तशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.  

"दिवाणजी, काल माझी कणी बघाय पायजे म्हणालासा. आज ही माझ्या गावची माणसं बसल्यात. ह्यांच्या म्होरं म्हणा."

"अवो बाई, चेष्टा..."

"चेष्टा हाय तर मोठ्यानं करा की. समदीच हसू."

कुणी हसलं नाही. एका व्यापाऱ्यानं हातातला टवका खाली टाकला. तात्या उठून उभे राहिले, मग त्यांच्या शेजारचा, मग बाकीचे.  शेठजी धावत आले आणि म्हणाले, "पद्मा, आत जा."

"जातो," मी म्हणाले. "पट्ट्या लिव्हायच्या हाईत."

आत गेले, माझं टेबल ओढत दारात आणलं, रांगांकडं तोंड करून बसले आणि तात्यांचं नाव घालून पहिली पट्टी लिहायला घेतली.