खाटेवरची लॅटिन पाटी

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. तेव्हा मी चेन्नईतल्या वेलचेरीला पोलीस इन्स्पेक्टर होतो. एका बाईंनी उच्च न्यायालयात 'हेबियस कॉर्पस'चा अर्ज केला होता. वृद्ध वडील भावाकडे राहतात, पण बरेच दिवस दिसलेले नाहीत आणि भाऊ भेटू देत नाही, अशी तक्रार होती. बाई आमच्यासारख्याच तंजावरच्या मराठी घरातल्या. ठाण्यात आल्या आणि उभ्या उभ्याच विचारू लागल्या.

"वकील सांगतात, 'देह हजर करा' असा त्याचा अर्थ. आप्पा गेले की काय, सार?"

"नाही अक्का. कोणी माणूस डांबून ठेवला असेल तर त्याला न्यायाधीशांपुढे उभा करा, एवढंच."

मी धीर दिला खरा, पण माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. असल्या अर्जात पोलीस कधी माणूस हजर करतात, तर कधी शवविच्छेदनाचा अहवाल.

भावाला चौकशीला बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट आणि साखरेत घोळलेलं बोलणं. वडील आईच्या श्राद्धासाठी तंजावरला गेलेत, असं त्याने तमिळमध्ये सांगितलं. मी मुद्दाम मराठीवर आलो.

"आईचं श्राद्ध, आणि मुलगा चेन्नईत?"

आमच्या घरांत आईचं श्राद्ध मुलगाच करतो. त्याने पाणी मागितलं. मी आवाज चढवला नाही. घाबरलेला माणूस खरं कमी आणि खोटं जास्त बोलतो. त्याला बसवून ठेवलं. म्हातारा कुठे आहे ते मात्र कळेना, आणि वेळ जात होता.

आम्ही त्या आजोबांचा फोटो दवाखान्यांत पाठवला होता. दुपारी तांबरमजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममधून एका नर्सचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. फोटोतले आजोबा तिच्या वॉर्डात होते आणि खाटेवर 'निल पर ओस' अशी पाटी होती. 'हेबियस कॉर्पस'सारखंच हेही लॅटिन. तोंडावाटे काही देऊ नका, असा त्याचा अर्थ. ऑपरेशनआधी काही तास ती लावतात. इथे ऑपरेशन ठरलंच नव्हतं, पाटी मात्र दिवसामागून दिवस तशीच. डॉक्टर मुलाचा दोस्त, विचारायची कोणाची छाती नव्हती.

आम्ही पोहोचलो तेव्हा आजोबांचे ओठ फुटले होते. हाताला सलाइन होतं, नजर शेजारच्या खाटेवरच्या पाण्याच्या बाटलीवर खिळलेली. त्यांना तातडीने सरकारी रुग्णालयात हलवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं पाणी चमच्याने पाजलं.

नर्सचा जबाब समोर ठेवल्यावर मुलगा बोलला. टी. नगरचं वडिलांचं घर बहिणीला जाऊ नये म्हणून त्याला कागदांवर त्यांची सही हवी होती. सही केली की जेवण, असा सौदा होता. त्याला आणि डॉक्टरला अटक केली.

न्यायालयात न्यायाधीशांनी आजोबांना विचारलं, कोणाबरोबर जायचंय? त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"जेवायला देशील ना?"

लेकीने त्यांचा हात धरला.

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. भीती वाटते ती त्या वॉर्डाची. तिथे दाराला कुलूप नव्हतं. माणसं ये-जा करत होती, भली माणसं. कुलूप असतं तर कोणीतरी तोडलं असतं. पाटी होती, म्हणून सगळ्यांनी ती पाळली.