राघूच्या पोटातलं नवं पाणी

माझी भक्ती त्या काळी गाडीच्या स्टेपनीसारखी होती. डिकीत पडलेली असायची, तिच्यात हवा आहे की नाही हे कधी बघितलं नव्हतं. अंबाबाईच्या देवळावरून जाताना हात जोडायचे, सणावाराला नारळ फोडायचा, झालं. देव खरंच आपलं ऐकतो का, असं कधीमधी मनात यायचं आणि कामाच्या रगाड्यात विसरूनही जायचं. त्यामुळं आधीच सांगून टाकते, मी काही मोठी साधक नव्हे. कोल्हापुरात शाहूपुरीत राहणारी, तोंडानं फटकळ, संसारी बाई. मला अनुभव आला तोही भर रस्त्यावर, आमच्या पहिल्या गाडीपायी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या ह्यांनी हौसेनं एक जुनी गाडी घेतली. चार घरं फिरून आलेली, रंग पोपटी, म्हणून गल्लीनं तिचं नाव ठेवलं राघू. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी राघूला आमच्याच फाटकावर नेऊन धडकवलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तूच शीक बाई. माझ्या बाच्यानं हे व्हायचं न्हाई." मी शिकले. शेजारणी दारात उभ्या राहून बघायच्या. "आली बघा, विमान घेऊन आली!" म्हणून हसायच्या, आणि संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारायला त्याच आधी आत घुसून बसायच्या. राघू थंडीत रुसायचा, चढाला धापा टाकायचा, आणि पाणी तर म्हशीसारखं प्यायचा. डिकीत पाण्याचा डबा असल्याशिवाय मी घर सोडत नसे. पण काय सांगू, जीव होता माझा त्याच्यावर! सकाळी चहाच्या आधी मी त्याची काच पुसायची. हे म्हणायचे, "एवढी सेवा माझी केली असतीस तर!"

त्या आषाढात चार वर्षांच्या सुमीला घेऊन मी माहेरी, हुपरीला गेले होते. तिथं पोरीला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते. रडायचीसुद्धा थांबली तेव्हा माझं काळीज हललं. गावातल्या डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "पोरगी सुकत चाललीय. कोल्हापूरला हलवा, सलाईन लावायला पाहिजे. एस.टी.ची वाट बघत बसू नका." आई तिला मांडीवर घेऊन मागं बसली आणि मी राघू काढला. वाटेत सुमीला पुन्हा उलटी झाली. तिला पुसायला, लुगडं धुवायला आईनं डब्यातलं पाणी संपवलं. डबा पुन्हा भरून घ्यावा हे त्या घडीला दोघींनाही सुचलं नाही.

उचगाव मागं टाकून टेंबलाईच्या टेकडीजवळ आलो तर समोर माणसांचा लोंढा. आषाढातला यात्रेचा वार होता. पंचगंगेला नवं पाणी आलं की बायका ते घागरीत भरून, डोक्यावर घेऊन, वाजतगाजत टेकडीवरच्या टेंबलाई देवीच्या पायरीवर वाहायला नेतात. गावात त्या वर्षी पावसानं ओढ दिलेली, रस्त्याकडेला डबकंसुद्धा नव्हतं. वर घाटात मात्र पडला होता, म्हणून नदी गढूळ होऊन आली होती. पुढं सनई-ढोल, त्याला आम्ही पी ढबाक म्हणतो, मागं लिंबाचा पाला आणि हळदीकुंकू लावलेल्या घागरी. त्या गर्दीत पहिल्या गिअरवर सरकत सरकत राघू तापला. बॉनेटखालून वाफेचा लोट आला आणि गाडी बंद पडली.

मी खाली उतरले. लोक गोळा झाले. कुणी टांगा बघायला पळालं, कुणी म्हणालं पोरीला उचलून चालत न्या. आई आतून ओरडली, "अगं, ही डोळं उघडंना!" माझा तोल सुटला. टेकडीकडं बघून मी मनात देवीशी कडाकडा भांडले. आजच यायची होती का तुझी यात्रा? माझ्याच लेकराच्या वाटेत? भांडून भांडून दमले, आणि मडगार्डला टेकून मी खाली बसले. म्हटलं, बाई गं, माझ्या हातात आता काही उरलं नाही. तुझं तू बघ. जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी मनापासून म्हटलं होतं, आणि तेही रागात.

तेवढ्यात एक वयस्क बाई गर्दीतून पुढं आली. डोक्यावर घागर, कपाळभर मळवट. तिनं काचेतून सुमीकडं बघितलं.

"गाडीला पाणी पायजे न्हवं?" तिनं विचारलं आणि घागर खाली उतरवली.

तिच्याबरोबरची एक बाई दचकली. "अगं, देवीचं पाणी हाय ते! पायरीवर घालायचं हाय!"

"मग? देवीला काय तहान लागलीया व्हय? पोरगी वाळाय लागलीया हिकडं." तिनं घागरीवरचा पाला बाजूला काढला. माझे हात काही पुढं होईनात. तशी ती माझ्यावरच डाफरली, "उघड की गं! बघत काय बसलीस?"

कुणीतरी पोतं दिलं. वाफ ओसरल्यावर ते झाकणावर दाबून मी रेडिएटर उघडला. तिनं घागर कलती केली आणि बारीक धारेनं ते मातकट पाणी राघूच्या पोटात जाऊ लागलं. एक घागर पुरेना. मघाशी दचकलेली बाई पुढं आली आणि तिनं आपली घागर ओतली. म्हातारीनं ओली बोटं सुमीच्या कपाळाला लावली. सुमीनं डोळे किलकिले केले. एवढंच. मी त्यावर काही म्हणत नाही.

दहा जणांनी ढकलल्यावर राघू सुरू झाला. "पावणं, सरका! गाडीला वाट द्या!" असा एकच गलका झाला, आणि काय आश्चर्य, पी ढबाकवाले टेकडीकडं पाठ फिरवून आमच्यापुढं वाजवत निघाले. देवीची वाजंत्री गर्दी फोडत राघूच्या पुढं चालली होती, आणि मी स्टिअरिंग धरून ढसाढसा रडत होते. गर्दी सरेपर्यंत ते पुढं होते. वळून बघितलं तेव्हा ती बाई दिसली नाही.

दवाखान्यात सुमीला सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." संध्याकाळी तिनं "राघू कुठाय?" असं विचारलं, तेव्हा ह्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढं यात्रेच्या दर वारी मी टेकडीवर जाऊन त्या बाईला शोधलं. कुणालाच तिचा पत्ता सांगता आला नाही. इकडं फिटर दर खेपेला कटकट करायचा, "बाई, रेडिएटरमध्ये गाळ बसलाय, सगळं पाणी काढून टाकूया." मी त्याला हात लावू दिला नाही. वरून भर घालायची, पण पोटातलं पाणी काढायचं नाही. वेड लागलंय म्हणाला असेल, म्हणू दे.

काही वर्षांनी राघू विकायचा ठरला. गिऱ्हाईक घाई करत होतं, मी त्याला आषाढापर्यंत थांबवलं. यात्रेच्या वारी सकाळी राघूच्या खालचा नळ सोडून ते पाणी कळशीत धरलं. त्यात त्या दिवशीचं किती उरलं होतं देव जाणे, रंग मात्र पुरता तांबडा. कळशी सुमीनं घेतली. परकर-पोलक्यात, कंबरेवर कळशी घेऊन ती माझ्यापुढं टेकडी चढली.

गुरवानं कळशीत डोकावून बघितलं. "हे कसलं पाणी म्हणायचं?"

"नदीचंच आहे," मी म्हटलं. "एका बाईनं देवीसाठी आणलं होतं. पोचवायला आम्हाला जरा उशीर झाला."

त्यानं एकदा सुमीकडं बघितलं. "आलं न्हवं? घाल की मग पायरीवर."

सुमीनं कळशी ओतली. निम्मं पायरीवर, निम्मं स्वतःच्या पायांवर. मी हात जोडून उभी राहिले, आणि देवीकडं मागायचं काही मला आठवलंच नाही.