बावीस खुणांची भट्टी

इल्मा रोहर्लाख यांच्याविषयी लिहायचे तर त्यांच्या भट्टीपासून आरंभ करणे योग्य होईल, कारण एबरताल गावात आलेला प्रत्येक पाहुणा आधी भट्टी पाही आणि मग इल्माबाईंकडे वळे.

ही भट्टी वरच्या चर्चच्या मागे, द्राक्षमळ्याच्या कडेला आहे. ती दगडाची असून तिच्या आत घुमट आहे आणि तिचे तोंड एका मोठ्या खोलीत उघडते. तोंडावरच्या लांब दगडात बावीस खुणा कोरलेल्या आहेत. त्यांत किल्ली आहे, मासा आहे, अर्धे चाक आहे, नुसते तीन ठिपकेही आहेत. पूर्वी दर शनिवारी घराघरांतून केकचे ट्रे येत, आणि प्रत्येक ट्रेच्या काठावर त्या घराची खूण असे. त्यामुळे पाद्रीबाबांचा केक लोहाराकडे जात नसे.

मी त्या ठिकाणी सतरा वर्षे भांडी घासली. म्हणून पुढे लिहिलेले सर्व मी स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले आहे.

दर शुक्रवारी ॲडलेडहून पाहुण्यांची बस येई. तीन दिवसांचा मुक्काम असे. सकाळी गावातून फेरफटका, दुपारी भट्टीपाशी जेवण, आणि पुढचे दोन दिवस निरनिराळ्या तळघरांत वाइनची चव. जेवणात धुरावर वाळवलेले सॉसेज, शेपूची काडी घालून मुरवलेल्या काकड्या आणि पाव असे. शेवटी भट्टीतून नुकताच निघालेला, वर लोणी-साखरेचा चुरा घातलेला केक आणि त्यासोबत गोड वाइनचा छोटा पेला. केक इल्माबाई करीत आणि माहितीही त्याच सांगत. त्यांचे वडील या भट्टीचे बेकर होते. लग्न न करता त्यांनी वडिलांचे घर आणि भट्टी दोन्ही सांभाळली होती, आणि एकोणऐंशीव्या वर्षीही त्यांचा ॲप्रन कडक इस्त्रीचा असे.

माहितीचा शेवट त्या नेहमी एकाच वाक्याने करीत. "सगळ्या गावाचे केक इथं एकत्र भाजले जायचे. आग एक, गाव एक." पाहुण्यांना हे वाक्य फार आवडे. सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या टॅमसिन या तरुण बाईंनी ते छापील पत्रकावरही घेतले होते.

भट्टी पेटवण्याचे काम मात्र इल्माबाईंचे नव्हते. ते एर्विन नोस्के करीत. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे, उंच आणि मितभाषी गृहस्थ होते. मॅली नावाच्या स्थानिक झाडाची वाकडीतिकडी मुळे कोणत्या क्रमाने रचायची आणि राख केव्हा ओढायची, हे गावात फक्त त्यांनाच ठाऊक होते. नोस्के यांचे घराणे खालच्या चर्चचे. आमच्या गावात एकाच पंथाची दोन चर्चे रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी आहेत. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मंडळात फूट पडली. ती कशावरून पडली, हे आता कोणी धड सांगू शकत नाही. पुढे दोन्ही मंडळे एक झाली, तरी अंत्ययात्रेला कोण कोणत्या दाराने आत जातो हे लोक अजून पाहतात.

मला एका गोष्टीचे कुतूहल होते. सतरा वर्षांत नोस्के यांनी इल्माबाईंच्या केकचा एकही तुकडा खाल्ला नव्हता. मी बशी पुढे केली की ते म्हणत, "नको. पोट भरलंय."

"सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही तुम्ही," मी एकदा म्हणाले.

"पाण्यानं भरलंय," ते म्हणाले आणि राख उचलायला गेले.

गेल्या वर्षी द्राक्षांची तोडणी संपली आणि नोस्के यांनी सांगितले की महिनाअखेर ते पोर्ट लिंकनला मुलीकडे कायमचे राहायला जाणार आहेत. इल्माबाईंच्या हातातील लाटणे थांबले.

"मग भट्टी मला शिकव," त्या म्हणाल्या.

"त्यात शिकवण्यासारखं काय आहे? लाकडं घालायची, काडी लावायची."

"एर्विन, चेष्टा पुरे."

"बेकरच्या मुलीला मी काय शिकवणार बाई!" एवढे बोलून ते निघून गेले.

इल्माबाईंनी बुधवारी स्वतःच प्रयत्न केला. केक खालून कोळसा झाला आणि मधे कच्चा राहिला. टॅमसिनबाईंनी तो पाहिला. त्या वाईट स्वभावाच्या नव्हत्या, परंतु व्यवहारी होत्या.

"इल्माबाई, मनाला लावून घेऊ नका. नोस्के गेले की केक हॉटेलमधून मागवू. गॅसच्या ओव्हनचा केकसुद्धा छान असतो. पाहुणे भट्टीचे फोटो काढतीलच की."

"थंड भट्टीचे?"

"फोटोत कुठे कळतं?"

इल्माबाई घासलेल्या ट्रेंकडे वळल्या. त्या दिवशी त्यांनी एकच ट्रे तीनदा पुसला.

त्या आठवड्यातील पाहुण्यांत बॅलरॅटच्या लॉर्ना प्रिंगल नावाच्या निवृत्त शाळा-तपासनीस होत्या. त्यांना प्रत्येक गोष्ट मोजण्याची सवय होती. इल्माबाईंनी आपले नेहमीचे वाक्य संपवताच प्रिंगलबाईंनी हातातील काठी वर करून दगडावरच्या खुणा एकेक मोजल्या.

"बावीस," त्या म्हणाल्या.

"बरोबर, बावीस," इल्माबाई हसून म्हणाल्या.

"पण सकाळी फेरफटक्यात मी जुन्या घरांवरच्या पाट्या मोजल्या. एक्केचाळीस भरल्या. मग उरलेल्या एकोणीस घरांचे केक कुठं भाजायचे?"

इल्माबाईंनी खुणांकडे पाहिले, मग प्रिंगलबाईंकडे. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. "पाहून सांगते," एवढेच त्या म्हणाल्या. बाहेर फावडे धुणारे नोस्के थांबले होते. मी खिडकीतून ते पाहिले.

बस पाहुण्यांना मुक्कामाला घेऊन गेल्यावर इल्माबाई रस्त्यावर उतरल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. वरच्या चर्चच्या लोकांची घरे बावीस होती. खालच्या चर्चच्या लोकांची एकोणीस.

"एर्विन," त्या म्हणाल्या, "तुमचे केक कुठं व्हायचे?"

"आज बरा प्रश्न विचारला कोणीतरी," नोस्के म्हणाले. ते ओट्यावर बसले आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते इतके बोलले.

"घरच्या चुलीवर, एका वेळी एक. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला दहा केक हवे होते. आईनं पीठ फुगवलं, ट्रे गाडीत घातले आणि इथं आली. तुझे बाबा दारात उभे होते. म्हणाले, ज्यांनी भट्टीचे दगड वाहिले त्यांचीच जागा. आई परत फिरली. वाटेत वारा सुटला आणि दहाच्या दहा बसले."

"बाबांनी? माझ्या बाबांनी?"

"वाईट माणूस नव्हता गं तो. मंडळाचा नियम होता. आणि दगड आमच्या लोकांनी वाहिले नव्हते, हेही खरंच."

"मग सतरा वर्षं माझी बडबड ऐकत गप्प का राहिलास?"

"तू कधी विचारलंस का? शिवाय आग तर मीच पेटवत होतो ना. आईला दारातून परत लावलं, आणि तीच भट्टी माझ्या काडीशिवाय तापत नव्हती. मला तेवढं पुरत होतं. केक मात्र घशाखाली उतरला नसता."

इल्माबाई भट्टीच्या तोंडापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "मला भट्टी शिकायची आहे."

"पुढच्या शुक्रवारी सकाळी सहाला ये. पण दुपारी पाहुण्यांना काय सांगणार, ते आधी ठरव. खोटं सांगणाऱ्याला माझी आग मिळणार नाही."

इल्माबाईंसाठी हे सोपे नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. वडिलांचा फोटो भट्टीच्याच खोलीत, पिठाच्या पेटीवर टांगलेला होता. तो आठवडाभर त्या त्याच्याकडे पाहत आणि नजर वळवत. टॅमसिनबाईंनाही काळजी वाटली. "लोक सुट्टी घेऊन येतात हो. चार घास सुखानं खावेत म्हणून येतात. त्यांना चर्चची भांडणं कशाला?" इल्माबाई म्हणाल्या, "मलाही नकोच आहेत. पण भट्टी हवी आहे." त्यानंतर त्यांनी नोस्के यांच्याकडे निरोप पाठवला. येताना आईचा ट्रे आणावा, एवढाच तो निरोप होता.

शुक्रवारी सहा वाजता दोघेही भट्टीपुढे होते. नोस्के आपला ट्रे वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले होते. त्याच्या काठावर कोणतीही खूण नव्हती. त्यांनी मुळे रचून दाखवली, मग ती सगळी काढून इल्माबाईंना रचायला लावली. आग पेटल्यावर घुमट काजळीने काळाकुट्ट झाला.

"आता बघत राहा. काजळी जळून दगड पांढरा पडला की राख ओढायची. त्याआधी नाही."

दोन तासांनी घुमट खरोखर पांढरा पडला. राख ओढल्यावर त्यांनी इल्माबाईंच्या हातावर चिमूटभर पीठ ठेवले. "तळावर टाक. लगेच काळं झालं तर थांबायचं. हळूहळू बदामी झालं तर केक आत." पहिली चिमूट काळी झाली आणि दुसरीही. तिसरी बदामी झाली, तेव्हा इल्माबाई मोठ्याने "आता!" म्हणाल्या आणि नोस्के यांनी नुसती मान हलवली.

दुपारी पाहुणे आले. इल्माबाईंनी हात ॲप्रनला पुसले आणि सर्व सांगितले. बावीस घरे, एकोणीस घरे, दहा ट्रे आणि वारा. "दारात माझे वडील उभे होते," हेही त्यांनी फोटोकडे बोट दाखवून सांगितले. टॅमसिनबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग मागून एका गृहस्थांनी विचारले, "त्या बसलेल्या पिठाचं काय केलं?"

इल्माबाईंना ते ठाऊक नव्हते. उत्तर दारातून आले. "डुकरांना घातलं," नोस्के म्हणाले. "तेवढी खूश झालेली डुकरं मी परत पाहिली नाहीत."

सगळे हसले आणि त्यानंतर प्रश्न थांबेचनात. लग्न झाले का? दहा केक कुठून आणले? नवरा मुलगा कोणत्या चर्चचा? नोस्के यांना आत येऊन खुर्चीवर बसावे लागले. त्या दिवशी बस पाऊण तास उशिरा सुटली.

पाहुणे गेल्यावर इल्माबाईंनी खूण नसलेल्या ट्रेमधील एक तुकडा कापून बशीत ठेवला. मग ती बशी पुढे सरकवली. नोस्के यांनी तो हातात घेऊन उलटा करून पाहिला, वास घेतला आणि खाल्ला.

"साखर जास्त आहे," ते म्हणाले.

"तुझ्या आईची कशी असायची?"

"कमी. आणि लोणी जास्त." त्यांनी दुसरा तुकडा स्वतःच कापून घेतला.

"एर्विन, त्या दगडावर तुमचीही खूण कोरून घेऊया का? जागा आहे."

"नको," ते तोंडातला घास न संपवताच म्हणाले. "मग पुढच्या पाहुणीला प्रश्न पडणार कसा?"

नोस्के पोर्ट लिंकनला गेले. त्यांची आई कमी साखर घालत असे, म्हणून इल्माबाई आता एका ट्रेमध्ये साखर कमी आणि लोणी जास्त घालतात. भट्टी त्या स्वतः पेटवतात, आणि क्वचित एखादा केक कडेने करपतो. ते जुने वाक्य त्यांनी पत्रकातूनही काढायला लावले. पाहुणे बसले की त्या प्रथम त्यांना दगडावरच्या खुणा मोजायला सांगतात.

"बावीस," पाहुणे म्हणतात.

"आणि येताना घरं किती दिसली?" असे विचारून त्या भट्टीचे दार उघडतात.