फौजीचा फळा

माझ्या चक्कीच्या दर्शनी भिंतीवर एक काळा फळा आहे. भिंत माझी, फळा इंद्रभानचा. खरं तर ती भिंत मी सिमेंटच्या जाहिरातीसाठी राखून ठेवली होती. पण इंद्रभान फौजेतून निवृत्त होऊन गावात आला आणि म्हणाला, "कडूबा, बाया दळणापायी घंटाघंटा बसून राह्यतात इथं. त्याईले वाचाले काहीतरी पाह्यजे." मी हो म्हटलं आणि जाहिरात गेली ती गेलीच. फौज सुटली तरी लष्कराच्या भाकऱ्या भाजायची याची खोड सुटली नाही, असं मी त्याला येताजाता ऐकवतो. तो हसतो आणि खडू ओला करून लिहायला लागतो.

आमचं गाव धामणगाव बढ्याहून थोडं आत आहे. बुद्धविहाराच्या मागे इंद्रभानच्या दोन खोल्या. तिथे तो, बायको भिमाबाई आणि मुलगी सारिका. सारिकानं नर्सिंग केलंय, सरकारी दवाखान्यात तिची निवडही झाली. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा कागद आला की रुजू व्हायचं, एवढंच बाकी होतं. भिमाबाईनं आळीत पेढे वाटूनसुद्धा टाकले होते.

फळ्यावर वर बातमी असे आणि खाली इंद्रभानचं मत. नांदुऱ्याला कापसाला काय भाव निघाला, जळगाव जामोदची एसटी सुरू आहे की बंद, असल्या बातम्या. एकदा बातमी होती, 'तलाठी सोमवारी येणार.' खाली मत होतं, 'मागच्या सोमवारीही येणार होते.' सगळे हसले, तलाठी सोडून. मत तलाठ्यापुरतं होतं तोवर कोणाचं काही बिघडलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात दूर कुठेतरी एका मोठ्या देशानं एका लहान देशावर विमानं पाठवली. तिथल्या लोकांचं भलं करायला, असं टीव्हीवाले सांगत होते. चक्कीत चर्चेला ऊत आला. खताच्या दुकानाचा गोविंदा फारच खूश होता. "आपणबी असंच घुसाले पाह्यजे लोकाईच्या घरात. काय म्हणता फौजी?" त्यानं विचारलं. इंद्रभान बाजरीचा डबा उचलून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बातमी नव्हतीच. सगळं मतच होतं.

'मी विशीत असताना सरकारनं आम्हाला लंकेत पाठवलं, शांती करायला. आम्ही लोकांची दारं लाथेनं उघडली. तिथली माणसं मेली, माझे सोबती मेले. शांती झाली नाही. ज्यांनी पाठवलं त्यांना कोणी जाब विचारला नाही. कोणत्याच सरकारनं परक्याच्या घरात असं घुसू नये.'

बाया एकेक अक्षर लावत वाचत होत्या. वच्छलाबाईचं दळण झालं तरी ती उठेना. "फौजीच्या पोटात एवढं होतं व्हय!" ती म्हणाली.

मला त्यातलं थोडं आधीपासून माहीत होतं. एकदा शेताच्या बांधावर बसून इंद्रभाननं मला एका म्हातारीची गोष्ट सांगितली होती. लंकेत हे फौजी लोक झडतीला तिच्या घरात शिरले, तर तिनं आधीच आपली पेटी उघडली आणि एकेक वस्तू काढून जमिनीवर नीट मांडून ठेवली. लुगडी, एक फोटो, लहान मुलीचं झबलं. यांनी ते फेकू नये म्हणून. "तिनं आमच्याकडं पाह्यलंबी नाही, कडूबा," तो म्हणाला होता. भिमाबाईला हे सांगू नको, अशी तंबीही दिली होती.

गोविंदानं फळ्याचा फोटो काढला आणि तो मोबाइलवरून जिकडे तिकडे गेला. दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी चक्कीसमोर उभी. जमादार तसा गोड बोलणारा माणूस होता.

"फौजी, तुमचा मान आहे आम्हाले. पण वरून फोन आला. सैन्याचा अपमान झाला म्हणतात."

"साहेब, सैन्यात मीच होतो. मी मायाच अपमान कसा करीन?"

"ते मले नका सांगू. पुसून टाका आन माफी लिहून द्या."

"गुन्हा कोणता झाला पण?"

"गुन्हा मंग पाहू. तुमच्या पोरीचा कागद आपल्याच टेबलावर हाये ना?"

मी मध्ये पडलो. भिंत माझी आहे म्हटलं. जमादार म्हणाला, मग तुमचंही नाव घेतो. घ्या म्हटलं. पण इंद्रभानचा आवाज एकदम खाली आला होता. पोरीचं नाव निघालं की भल्याभल्यांचा येतो. "चष्मा घरी हाये," तो म्हणाला. "चला, देतो लिहून." मला वाईट वाटलं, पण त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. मीही त्यांच्यासोबत गेलो.

घरापाशी पोचल्यावर जमादारानं शिपायांना सांगितलं, "आलोच आहो त घरबी पाहून घ्या." कसलाही हुकूम नाही, कागद नाही. दार उघडंच होतं. त्यांनी आवाजही दिला नाही, बुटांसकट आत शिरले.

सारिका खोलीच्या दाराशी होती, भिमाबाई चुलीपाशी. तिनं खाकी कपडे पाहिले आणि कोणाला काही विचारलं नाही. खाटेखालची पेटी ओढली, झाकण उघडलं आणि एकेक वस्तू काढून खाटेवर मांडायला लागली. लग्नातलं लुगडं, विहारात नेसायचं पांढरं पातळ, सारिकाची सर्टिफिकेटं, इंद्रभानचा फौजेतला कोट.

"बाई, तुम्हाले कोणं सांगतलं काढाले?" एका शिपायानं विचारलं.

"तुम्ही फेकसान," ती म्हणाली. "मंग घड्या मलेच करा लागतीन." आणि त्याच्याकडे न पाहता पुढचं लुगडं काढलं.

इंद्रभान एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात जमादारानं माफी लिहायला दिलेला पेन धरून उभा होता. तो का थिजला ते त्या खोलीत मला एकट्याला कळलं.  त्यानं पेन जमादाराला परत दिला.

"माफी मले मागाचीच हाये, साहेब. पण ती लंकेतल्या एका म्हातारीची. तुमची नाही."

"कोण म्हातारी?" जमादाराला काहीच उमगलं नाही.

इंद्रभान मुलीकडे वळला. "सारिका, तुया कागद अडकंन, बाई."

सारिका आईच्या लुगड्यांच्या घड्या सारख्या करत होती. तिचे डोळे भरले होते. "अडकू द्या, बाबा," ती म्हणाली. "नका देऊ लिहून."

पोलिसांनी इंद्रभानचा मोबाइल नेला आणि जाताना माझ्याच पोत्यानं फळा पुसला. सकाळी इंद्रभाननं तेच सगळं पुन्हा लिहिलं. खाली एक ओळ वाढवली, 'ज्यांना हे पटत नाही त्यांनी दार वाजवावं. उघडतो, चहाही देतो.' पोलीस पुसून जातात, तो लिहितो. दुसऱ्यांच्या देशात दारं मोडायची सवय लागलेलं सरकार एक दिवस आपल्याही दाराशी येतं, हे मी चक्कीत आता मोठ्यानं बोलतो. गोविंदा ऐकून घेतो. दळण त्यालाही लागतंच. सारिकाचा कागद मात्र अजून आलेला नाही. त्याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

परवा भिमाबाईचं दळण चक्कीत राहिलं होतं, म्हणून मीच डबा घेऊन गेलो. दार बंद होतं, वाजवून हाक मारली. आतून आधी पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग कडीचा.

"वहिनी, मी आहो, कडूबा. दळण आणलं," मी म्हटलं.

"हाव भाऊजी, आवाज ओयखला मी," डबा घेत ती म्हणाली. "पण हात पह्यले तिकडंच जाते."